चपट्या पृष्ठभागाने प्रकाश वळवायचा आणि त्याचं डिझाइन कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटासरफेस आणि इन्व्हर्स डिझाइन ह्या विषयावर मला सारखे मेसेज येतात, बहुतेक एमएस्सी फिजिक्सच्या नाहीतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवलीत. सोपं जावं म्हणून शक्यतो एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय: काचेखालून १५५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर सरळ वर येतोय आणि काचेवरच्या सिलिकॉनच्या एका चपट्या थराने तो हवेत ६० अंशात वळवायचाय.

१. मेटासरफेस म्हणजे नक्की काय? साध्या भिंगापेक्षा त्यात वेगळं काय?

साधं भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ असतं, त्यामुळे मधून जाणारा प्रकाश काचेत जास्त वेळ रखडतो आणि लहरींची रांग वळते. २६ जानेवारीच्या परेडमध्ये एनसीसीची रांग वळताना आतल्या बाजूचा मुलगा पाऊल आखडतो आणि बाहेरचा लांब टाकतो, तसंच. मेटासरफेसमध्ये जाडी सगळीकडे सारखीच असते, पण पृष्ठभागावर तरंगलांबीपेक्षा कमी अंतरावर बारीक बारीक खांब उभे केलेले असतात, आणि कुठे किती रखडायचं हे खांबाची रुंदी ठरवते. आपल्या उदाहरणात खांबांची उंची साधारण १ मायक्रॉन, बस.

ह्या क्षेत्राने जोर धरला तो हार्वर्डमधल्या फेडेरिको कापासो ह्यांच्या ग्रुपच्या २०११ च्या पेपरनंतर. त्यात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे सोन्याचे अँटेना होते आणि काम इन्फ्रारेडमध्ये होतं. मग २०१६ मध्ये त्याच ग्रुपने टायटॅनियम डायऑक्साइडच्या ६०० नॅनोमीटर उंच पात्यांचं भिंग दाखवलं, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात चालणारं.

२. प्रकाश किती अंशात वळणार हे कसं काढायचं?

एका ओळीचा हिशोब आहे. डिझाइन ज्या अंतरावर परत परत येतं त्याला पिरियड म्हणायचं, आणि पिरियड = तरंगलांबी भागिले वळणाच्या कोनाची साइन. आपल्यासाठी १५५० भागिले ०.८६६, म्हणजे १७९० नॅनोमीटर. १० अंशच वळवायचं असतं तर ८.९ मायक्रॉन आलं असतं. थोडक्यात जेवढं जास्त वळवायचं तेवढा पिरियड लहान, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते, ती पुढच्या प्रश्नात.

३. मग लहान-मोठे खांब रांगेत लावले की झालं ना, ऑप्टिमायझेशन कशाला हवं?

१० अंशांसाठी खरंच नको! ८.९ मायक्रॉनच्या पिरियडमध्ये ६०० नॅनोमीटर अंतराने जवळजवळ १५ खांब बसतात, फेजचा (लहर किती मागे पडली त्याचा) उतार १५ पायऱ्यांत गुळगुळीत उतरतो, आणि साध्या डिफ्रॅक्शन थिअरीने ९८ टक्के प्रकाश हव्या त्या दिशेला जायला हरकत नाही. पण ६० अंशांच्या पिरियडमध्ये खांब बसतात फक्त ३. तीन पायऱ्यांच्या जिन्याला तीच थिअरी ६८ टक्के देते, आणि तेही प्रत्येक खांब एकटा असल्यासारखा वागला तर. तो तसा वागत नाही. खांबांची लायब्ररी (कुठल्या रुंदीला किती फेज मिळतो त्याची यादी) बनवताना आपण प्रत्येक रुंदीचा खांब अशा कल्पनेने सिम्युलेट करतो की त्याच्या चारी बाजूंना अगदी तसलेच खांब पसरलेत, आणि प्रत्यक्षात त्याच्या शेजारी एकीकडे जाडा आणि दुसरीकडे बारीक उभा असतो, दोघांची फील्ड्स त्याच्यात शिरतात आणि लायब्ररीतला फेज बिघडतो.

शिवाय १७९० च्या पिरियडमध्ये प्रकाशाला बाहेर पडायला सहा दारं आहेत: वर हवेत सरळ, डावीकडे, उजवीकडे, आणि तशीच तीन खाली काचेत परत जायला. आपल्याला सहातलं एकच उघडं हवंय आणि पाच बंद. तीन रुंद्यांच्या तीन नॉबवर हे भागत नाही, जास्त नॉब लागतात, आणि ऑप्टिमायझेशन हवं ते ह्या नॉबसाठी.

४. इन्व्हर्स डिझाइनमध्ये 'इन्व्हर्स' काय असतं?

नेहमी आपण आकार ठरवतो आणि तो प्रकाशाचं काय करतो ते बघतो. इथे प्रकाशाचं काय व्हायला हवं ते आधी एका आकड्यात लिहायचं (उदा. ६० अंशाच्या दारातून जाणारी पॉवर भागिले आत आलेली पॉवर) आणि आकार कॉम्प्युटरने शोधायचा. १७९० बाय ६०० चा तुकडा २० नॅनोमीटरच्या चौकोनांत कापला की साधारण ९० गुणिले ३०, म्हणजे २७०० पिक्सेल होतात, आणि प्रत्येक पिक्सेलला सिलिकॉन का हवा हे ठरवायचं. ह्याला टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन म्हणतात आणि ते आलंय मेकॅनिकलवाल्यांकडून: कमीत कमी लोखंडात मजबूत ब्रॅकेट कसा काढायचा हा बेंडसो आणि किकुची ह्यांचा १९८८ चा प्रश्न. डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या ओले सिग्मुंड आणि सहकाऱ्यांनी ते फोटॉनिक्समध्ये आणलं.

बाहेर येणारे आकार बघितले की पहिल्यांदा सगळ्यांना धक्का बसतो, खांब नसतातच, पावसाळ्यात भिंतीला ओल आल्यावर जसे डाग उठतात तसलं काहीतरी दिसतं. मला ते फार सुंदर वाटतं, कारण त्यातलं एकही वळण माणसाला सुचलं नसतं आणि तरी प्रत्येक वळणामागे प्रकाशाचं वागणं सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं आहेत.

५. २७०० पिक्सेल एकेक करून बदलून बघायचे म्हणजे जन्म जाईल की! अ‍ॅडजॉइंट मेथड त्यात काय करते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं उत्तर नीट समजलं तर बाकी सगळं सोपं आहे.

समजा एक सिम्युलेशन १ मिनिटाचं. एकेक पिक्सेल हलवून ग्रेडियंट (कुठला पिक्सेल थोडा बदलला तर आकडा किती बदलतो ते) काढायचा तर २७०१ सिम्युलेशन, म्हणजे ४५ तास, आणि हे फक्त एका पावलासाठी. २०० पावलं चालायची तर वर्षाच्या वर गेलं. अ‍ॅडजॉइंटने एका पावलाला दोनच सिम्युलेशन लागतात, पिक्सेल २७०० असोत नाहीतर २७ लाख. २०० पावलं ६ तास ४० मिनिटांत, रात्री लावून झोपा आणि सकाळी बघा.

कसं ते सांगतो. पहिलं सिम्युलेशन सरळ: खालून लेझर सोडायचा आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये किती फील्ड पोचलं ते साठवायचं. दुसरं उलटं: जिथे प्रकाश जायला हवा होता, त्या ६० अंशाच्या दिशेने प्रकाश मागे आत सोडायचा आणि परत प्रत्येक पिक्सेलमधलं फील्ड साठवायचं. आता एका पिक्सेलमध्ये थोडं सिलिकॉन वाढवलं तर काय होईल? तो पिक्सेल एका छोट्या अँटेनासारखा वागतो, जेवढं सरळ फील्ड त्याच्यावर पडतं तेवढ्या जोरात तो नवीन प्रकाश फेकतो, आणि त्यातला ६० अंशाकडे किती जाईल हे उलटं फील्ड सांगतं, कारण साध्या पदार्थात प्रकाशाचा रस्ता दोन्ही बाजूंनी सारखाच असतो (ह्याला रेसिप्रॉसिटी म्हणतात). म्हणून दोन्ही फील्ड्सचा गुणाकार, फेजचा हिशोब धरून, हाच त्या पिक्सेलचा ग्रेडियंट, सगळ्या पिक्सेलचा एकदम.

एक कळकळीची विनंती, पहिल्यांदा कोड लिहिलात की कुठलेही पाच-सहा पिक्सेल हाताने हलवून खरा फरक काढा आणि अ‍ॅडजॉइंटच्या आकड्याशी ताडून बघा. अधिक-उणे चिन्हाची चूक, कॉन्ज्युगेट विसरणं, दोनचा गुणक राहणं, हे सगळं तिथेच सापडतं आणि नंतरचे आठवडे वाचतात.

६. माझं उत्तर काळं-पांढरं न येता करडं येतंय, अर्धं सिलिकॉन अर्धी हवा. हे कसं बनवायचं?

बनत नाही. ग्रेडियंटला सलग बदलणारी संख्या लागते म्हणून आपण पिक्सेलला ० ते १ मधलं काहीही होऊ देतो, आणि ऑप्टिमायझर त्याचा फायदा घेतो, त्याला करडं सोयीचं असतं. उपाय दोन टप्प्यांत. आधी फिल्टर: प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांबरोबर ठरावीक त्रिज्येत मिसळायचा, म्हणजे एकट्या पिक्सेलचे ठिपके जातात. मग प्रोजेक्शन: टॅनएच फंक्शनने ०.५ च्या वरचं १ कडे आणि खालचं ० कडे ढकलायचं, आणि ढकलण्याचा जोर, म्हणजे बीटा, हळूहळू वाढवायचा, ८, १६, ३२, ६४ असा. बीटा वाढवला की आकडा धाडकन खाली येतो आणि मग परत चढतो, तो खाली आला म्हणून घाबरून रन थांबवू नका. आणि पहिल्यापासूनच मोठा बीटा लावू नका, ग्रेडियंट जवळजवळ शून्य होतो आणि डिझाइन जिथल्या तिथे बसून राहतं.

७. स्क्रीनवर नव्वदच्या वर टक्के आले आणि बनवून मोजलं तर निम्मं. चूक कुठे झाली?

हे माझ्या बाबतीत झालंय त्यामुळे मनापासून लिहितो. आमच्या पहिल्या डिझाइनमध्ये दोन मोठ्या आकारांच्या मध्ये ४० नॅनोमीटरची एक फट होती, आकडा छान होता म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. सॅम्पल आल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरलं तर फट नव्हतीच, एचिंग (सिलिकॉन कोरून काढणं) तिच्यात उतरलंच नव्हतं, दोन आकार एकमेकांना चिकटून एक झाले होते. नंतर सिम्युलेशनमध्ये ती फट बुजवून बघितली, आकडा तसाच पडला. त्या फटीत फील्ड सगळ्यात जास्त एकवटलं होतं, म्हणजे सगळं डिझाइनच त्या एका जागेवर उभं होतं. ऑप्टिमायझरने काही चुकीचं केलं नव्हतं, आम्ही त्याला ४० नॅनोमीटर बनत नाही हे सांगितलंच नव्हतं.

म्हणून आता सुरुवातच अशी करतो: लॅबवाल्यांना भेटून कमीत कमी रेघ किती आणि कमीत कमी फट किती हे विचारायचं (हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही विचारा), भिंती किती तिरक्या येतात तेही विचारायचं, आणि ते फिल्टरमध्ये आणि कंस्ट्रेंटमध्ये घालायचं. शिवाय प्रत्येक पावलाला तीन डिझाइनं सिम्युलेट करायची, ठरवलेलं, सगळीकडून १० नॅनोमीटर फुगलेलं आणि १० नॅनोमीटर झिजलेलं, आणि तिघांतलं सगळ्यात वाईट जे असेल ते सुधारायचं. खर्च तिप्पट होतो, स्क्रीनवरचा आकडा काही टक्क्यांनी कमी दिसतो, पण हातात येणारं सॅम्पल त्या आकड्याच्या जवळ असतं. रिपोर्टमध्ये नव्वद दाखवायचा मोह सोडा.

८. सॉफ्टवेअर कुठलं वापरू? फुकट काही आहे का?

शिकायला मीप घ्या, एमआयटीत सुरू झालेलं, ओपन सोर्स, पायथनमधून चालतं आणि अ‍ॅडजॉइंट आतच आहे. ते एफडीटीडी पद्धतीने चालतं, म्हणजे जागा आणि वेळ दोन्हींचे तुकडे करून लहर पुढे पुढे ढकलायची, मूळ कल्पना यी ह्यांची १९६६ ची. आपल्या उदाहरणासारख्या, परत परत येणाऱ्या डिझाइनच्या जाळीला आरसीडब्ल्यूए पद्धत जास्त वेगाने उत्तर देते, त्यासाठी स्टॅनफर्डचं एस-फोर आहे. पैसे असतील तर ल्युमेरिकल आहे, टायडी-थ्रीडी आहे. दोन वेगळ्या पद्धतींनी तपासल्याशिवाय शेवटच्या डिझाइनवर विश्वास ठेवू नका.

९. माझ्या लॅपटॉपवर हे चालेल का?

आपलं जाळीचं उदाहरण आरामात चालेल. २० नॅनोमीटरच्या ग्रिडवर ४ मायक्रॉन उंचीचा डबा धरला तर साडेपाच लाखांच्या आसपास सेल होतात, फील्ड साठवायला १३ एमबी. पण तुम्ही मला १ मिलिमीटरचं अख्खं भिंग एकदम सिम्युलेट करायचंय असं लिहिता तेव्हा हाच हिशोब लावून बघा: ५०,००० गुणिले ५०,००० गुणिले २००, साधारण १२ टीबी मेमरी. त्यावर काय करतात ते प्रश्न १४ मध्ये. मधल्या आकाराच्या कामाला सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागता येतो, पुण्यात आयसरला परम ब्रह्म आहे, सीडॅकने बांधलेला, तुमच्या गाइडना विचारून बघा.

१०. जेनेटिक अल्गोरिदम किंवा न्यूरल नेटवर्क वापरलं तर चांगलं नाही का?

नॉब पाच-दहाच असतील तर जेनेटिक किंवा पार्टिकल स्वॉर्म चालतं, काही बिघडत नाही. २७०० असतील तर ग्रेडियंट सोडून दुसरीकडे जाणं म्हणजे हातातला नकाशा फेकून डोळे मिटून चालणं. न्यूरल नेटवर्कचं थोडं वेगळं आहे. हजारो सिम्युलेशन्स करून नेटवर्क शिकवायचं तर तुम्हाला एकच डिझाइन हवं असताना तो खर्च वसूल होत नाही, वेगवेगळे कोन आणि तरंगलांब्या धरून शेकडो डिझाइनं हवी असतील तर होतो. स्टॅनफर्डच्या जोनाथन फॅन ह्यांच्या ग्रुपचं ग्लोनेट मला आवडतं कारण त्यात आधी डेटा गोळा करावा लागत नाही, नेटवर्क डिझाइनं सुचवतं आणि अ‍ॅडजॉइंटचा ग्रेडियंटच त्याला शिकवतो.

११. दर वेळी रन केलं की वेगळं उत्तर येतं. काही चुकतंय का?

नाही, असंच असतं. डोंगराळ भागात धुक्यात चढायला लागलात तर सुरुवात जिथून केली त्याच्या जवळच्या शिखरावर पोचता, सगळ्यात उंच शिखरावरच पोचाल असं नाही. वीस-तीस वेगवेगळ्या सुरुवातींपासून रन करा आणि सगळ्यांचे आकडे ठेवा. सगळे एकाच आकड्याच्या आसपास अडकत असतील तर बहुतेक अडचण अल्गोरिदमची नाही, थराची उंची किंवा पदार्थ बदलायला हवा.

१२. पोलरायझेशन बदललं की डिझाइन बिघडतं, असं का?

कारण तुम्ही एकाच पोलरायझेशनसाठी (म्हणजे प्रकाशाचं फील्ड ज्या दिशेत डुलतं त्या एकाच दिशेसाठी) मागितलं होतं. दोन्ही हवी असतील तर दोन्ही सिम्युलेट करा आणि प्रश्न ७ सारखंच जे वाईट असेल ते सुधारा. उलट कधी पोलरायझेशनचाच उपयोग करून घेतात: २०१६ च्या त्या भिंगात सगळी पाती एकाच मापाची आहेत, फक्त प्रत्येक पातं वेगळ्या कोनात फिरवलंय, आणि वर्तुळाकार पोलरायझेशनच्या प्रकाशाला त्या फिरण्यातून फेज मिळतो. ह्या फेजला पंचरत्नम-बेरी फेज म्हणतात. एस. पंचरत्नम ह्यांनी ते १९५६ मध्ये बेंगळुरूला क्रिस्टल्सवर काम करताना मांडलं, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी ह्यांच्या आधी अठ्ठावीस वर्षं. आपल्याकडच्या पोरांनी हे नाव तरी माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं.

१३. एका रंगात मस्त चालतं, दुसऱ्या रंगात फोकस हलतो. ऑप्टिमायझेशनने हे जाईल का?

थोडं जाईल. चपट्या भिंगाचं फोकल लेंग्थ तरंगलांबीच्या साधारण उलट प्रमाणात बदलतं, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्यात १ मिलिमीटर असेल तर ६६० च्या लालमध्ये ०.८ च्या आसपास येतं. दोन-तीन ठरावीक रंगांसाठी एकत्र डिझाइन करता येतं. पण सगळा सलग पट्टा एकाच फोकसवर आणायचा तर मधल्या आणि कडेच्या प्रकाशाच्या उशिरात जो फरक लागतो तो भिंगाच्या व्यासाबरोबर वाढत जातो, आणि १ मायक्रॉनच्या थरात प्रकाशाला रखडवायची जागाच तेवढी असते. म्हणून रंगदोष काढलेली चपटी भिंगं छोटी असतात. जाड थर किंवा एकावर एक थर घ्या, नाहीतर एकाच रंगाचा लेझर वापरा. २०२२ पासून एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये मेटालेन्झ कंपनीचं मेटासरफेस येतं, तिथे एकाच इन्फ्रारेड रंगाचं काम आहे, त्यामुळे ही अडचण आडवी येत नाही.

१४. मोठं भिंग मग करतात कसं?

तुकड्यातुकड्याने. १ मिलिमीटरच्या भिंगात ६०० नॅनोमीटर अंतराने जवळजवळ २२ लाख खांब होतात. मधल्या भागात प्रकाश थोडाच वळतो, तिथे लायब्ररी पुरते (प्रश्न ३ मधलं १० अंशांचं उदाहरण). कडेला वळण मोठं असतं, तिथे प्रत्येक पट्टा वेगळी जाळी समजून ऑप्टिमाइझ करायचा आणि शेजारच्या पट्ट्याला जोडताना फेज जुळवायचा. सांध्यावर थोडा प्रकाश विखुरतोच.

१५. कॉलेजमध्ये क्लीनरूम नाही. आम्ही नुसतं सिम्युलेशनच करत बसायचं का?

दोन रस्ते आहेत. एक, केंद्र सरकारचा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्रॅम, त्यातून पवईला आयआयटीत आणि बेंगळुरूला आयआयएस्सीत बाहेरच्या संशोधकांना मशीन वापरता येतात, प्रपोजल लिहावं लागतं.

दुसरा रस्ता मला जास्त प्रिय आहे. मॅक्सवेलच्या समीकरणांना नॅनोमीटर आणि सेंटीमीटर ह्यात फरक कळत नाही, सगळं सारख्याच पटीने मोठं केलं तर उत्तर तेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एक्स-बँडचा जुना मायक्रोवेव्ह बेंच बऱ्याच कॉलेजात असतो, १० गिगाहर्ट्झ, तरंगलांबी ३ सेंटीमीटर. आपला १७९० नॅनोमीटरचा पिरियड तिथे ३.४६ सेंटीमीटर होतो आणि १०० नॅनोमीटरची रेघ जवळजवळ २ मिलिमीटरची, जी साधा थ्रीडी प्रिंटर काढतो. फक्त छपाईच्या प्लास्टिकचा अपवर्तनांक साधारण १.६, सिलिकॉनचा ३.४८, म्हणून डिझाइन नव्या आकड्याने परत करायचं आणि थर जाड घ्यायचा, ५ सेंटीमीटरच्या आसपास. मग टेबलावर हॉर्न अँटेना फिरवून ६० अंशाला मीटरचा काटा चढताना डोळ्यांनी बघायचा. जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी मायक्रोवेव्हचं पोलरायझेशन फिरवून दाखवलं होतं, तेही असंच हाताशी असलेल्या सामानातून.

१६. लेझर सरळ न येता १५ अंश तिरका आला तर?

लहान पिरियडच्या जाळीत आकडा पडतो, किती ते डिझाइनप्रमाणे. आपल्या उदाहरणात एका बाजूने हवेत १५ अंशांइतका तिरका आला तर बाहेर जायची दिशा ९० अंशांच्याही पलीकडे मागितल्यासारखं होतं (साइन ०.८७ अधिक ०.२६, एकाच्या वर), म्हणजे ते दारच बंद होतं. कोन बदलणार असेल तर ते सगळे कोन ऑब्जेक्टिव्हमध्ये (प्रश्न ४ मधल्या त्या आकड्यात) पहिल्यापासून घाला.

१७. दोन लेझर वेगवेगळ्या कोनातून घेऊन एकाच दिशेला पूर्ण पॉवरने मिसळणारं डिझाइन मिळत नाहीये, पन्नास टक्क्यांवर अडकतंय. अजून पिक्सेल वाढवू का?

नका वाढवू, मिळणार नाही. रंग तोच, पोलरायझेशन तेच आणि दोन लेझर एकमेकांशी फेजने बांधलेले नसतील तर पन्नासच्या वर जाताच येत नाही. प्रश्न ५ मधली रेसिप्रॉसिटी आठवा: बाहेरच्या त्या एका दिशेने प्रकाश मागे सोडला तर तो दोन्ही लेझरकडे शंभर शंभर टक्के कसा जाईल, एकूण शंभरच तर आहे. एका लेझरला सत्तर दिलं तर दुसऱ्याला तीसच राहतात. दोघांचा रंग किंवा पोलरायझेशन वेगळं करा, मग मार्ग मोकळा होतो, आणि प्रश्न १२ किंवा १३ प्रमाणे दोन्ही एकत्र ऑप्टिमाइझ करता येतात.